अपवादाने नेमका कोणता नियम सिद्ध होतो?

‘मराठी माध्यमात शिकलेली मुलं विज्ञानात फार पुढे जात नाहीत,’ असं कुणीतरी ठामपणे सांगतं. समोरचा पाच-सहा नावं घेतो, सगळी मराठी शाळांतून आलेल्या शास्त्रज्ञांची. पहिल्याचं उत्तर तयारच असतं: ‘अहो, अपवादानेच नियम सिद्ध होतो!’ आणि विषय तिथेच संपतो. संपायला नको खरं तर. ज्या पुराव्याने विधान डळमळायला हवं होतं, तोच पुरावा विधानाच्या खात्यावर जमा झाला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. विरुद्ध बाजूचे दाखले जितके जास्त, तितकं विधान पक्कं, असा हिशेब लागत असेल तर मग चुकीचं ठरेल असं विधान जगात उरतं तरी कोणतं?

हे वाक्य आपण इंग्रजीतून घेतलं. ‘द एक्सेप्शन प्रूव्ह्‌ज द रूल’ हा तिथला शब्दप्रयोग, आणि त्यावरून तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, हे निव्वळ अडाणी बोलणं आहे. अपवादाने नियम मोडतो, सिद्ध होत नाही. दुसरा पक्ष जरा अभ्यासू. तो सांगतो, ‘प्रूव्ह’ म्हणजे इथे ‘सिद्ध करणे’ नव्हे, ‘पारखणे’. अपवाद नियमाची परीक्षा घेतो, एवढाच मूळ अर्थ. हा खुलासा इतक्या वेळा सांगितला गेला आहे की शिकलेल्या माणसांना आता तोच खरा वाटतो. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. वाक्य अडाणी नाही, आणि ‘प्रूव्ह’चा अर्थ ‘पारखणे’ही नाही. ते कायद्याच्या भाषेतलं काटेकोर वाक्य आहे आणि त्याचा अर्धा भाग गळून पडला आहे. तो भाग जागेवर ठेवला तर वाक्य आजही चोख काम देतं. मात्र ते एकाच प्रकारच्या अपवादाला लागू पडतं, आणि आपण ते नेमकं दुसऱ्या प्रकाराला लावतो.

‘पारखणे’वाल्यांचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. लॅटिन ‘प्रोबारे’ या धातूला पारखणे, पसंत करणे आणि शाबीत करणे असे तिन्ही अर्थ आहेत. इंग्रजीत तोफा-बंदुकांच्या चाचणीच्या मैदानाला ‘प्रूव्हिंग ग्राउंड’ म्हणतात. आपल्याकडे छापखान्यात ‘प्रुफं’ तपासतात, ती तपासणीसाठी काढलेली प्रतच असते. म्हणजे तो अर्थ भाषेत आहे. पण या वाक्यात आहे का? लॅटिन सूत्र पूर्ण वाचा: ‘एक्सेप्तिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नोन एक्सेप्तिस’. ‘अपवाद, ज्या प्रकरणांत अपवाद केलेला नाही तिथे, नियम शाबीत करतो.’ शेवटचे शब्द गळाले आणि घोटाळा झाला. आता ‘शाबीत करतो’च्या जागी ‘पारखतो’ घालून बघा. जिथे अपवाद नाही तिथे अपवाद नियमाला पारखतो? या वाक्याला अर्थच उरत नाही. शिवाय याच सूत्राचं दुसरं रूप ‘फिर्मात’ या क्रियापदाने होतं, म्हणजे ‘बळकट करतो’. त्यातून ‘पारखणे’ ओढूनताणूनही निघत नाही. मराठीत तर ही पळवाटही नाही. ‘सिद्ध होणे’ या शब्दांत परीक्षेचा अर्थ कुठून आणणार?

या युक्तिवादाचा जुना आणि ठसठशीत नमुना रोममध्ये सापडतो. इसवी सनापूर्वी ५६ साली लुसियस कॉर्नेलियस बाल्बस या माणसाच्या नागरिकत्वावर खटला भरला गेला. तो स्पेनमधल्या गादेसचा, म्हणजे आजच्या कादिझचा. सेनापती पॉम्पीने त्याला रोमचं नागरिकत्व दिलं होतं. गादेसशी रोमचा तह असताना असं नागरिकत्व देता येतं का, हा प्रश्न होता. प्रसिद्ध रोमन वक्ता आणि वकील सिसेरोने बाल्बसची बाजू मांडताना दुसरे तह पुढे केले. हेल्वेती वगैरे काही जमातींशी केलेल्या तहांत ‘यांच्यातल्या कुणालाही आम्ही नागरिक करून घेणार नाही’ असं स्पष्ट कलम होतं. सिसेरोचं म्हणणं असं की, त्या तहांत हा अपवाद मुद्दाम घालावा लागला, याचाच अर्थ जिथे तो घातलेला नाही तिथे नागरिकत्व देणं कायदेशीर आहे. गादेसच्या तहात तसं कलम नव्हतं. बाल्बस सुटला. या युक्तिवादात अपवाद नियमाच्या विरुद्ध उभा नाही. कुठेही न लिहिलेला नियम त्या लिहिलेल्या अपवादामुळेच दिसू लागला.

आपल्याला हे नवं वाटावं याचं मला वाईट वाटतं, कारण हे हत्यार आपल्या परंपरेत कसून घासलेलं आहे. पाणिनीच्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या महाभाष्याच्या आरंभीच ‘पञ्च पञ्चनखा भक्ष्याः’ हे उदाहरण येतं. पाच नखांच्या प्राण्यांपैकी पाच खाण्याजोगे, असं म्हटलं की बाकीचे खाऊ नयेत हे आपोआप कळतं. लगेच उलटं उदाहरणही आहे: गावातला कोंबडा आणि गावातलं डुक्कर खाऊ नये असं सांगितलं की रानातलं चालतं, हे समजतं. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक पहिल्या प्रकाराला परिसंख्या म्हणतात. रामायणात बाण लागून पडलेला वाली रामाला हेच वचन ऐकवतो: साळिंदर, घोरपड, ससा, कासव असे पाचच पंचनखी प्राणी भक्ष्य, मी वानर, त्या पाचांत नाही, माझं कातडं, हाडं, मांस कशाचाच तुला उपयोग नाही, मग मला मारलंस कशाला? मरणाच्या दारात केलेला हा युक्तिवाद सिसेरोच्या युक्तिवादाचा सख्खा भाऊ शोभतो.

व्याकरणात हीच गोष्ट आणखी टोकदार होते. पाणिनीच्या सूत्रांत सामान्य नियम म्हणजे उत्सर्ग आणि विशेष नियम म्हणजे अपवाद. अपवादाचं क्षेत्र वगळून उरलेल्या जागी उत्सर्ग लागू होतो. त्यापुढचं पाऊल म्हणजे ‘ज्ञापक’. पाणिनी एक अक्षरही फुकट खर्च करत नाही, असं टीकाकार धरून चालतात. मग एखादं सूत्र किंवा शब्द वरवर अनावश्यक दिसला, तर ते विचारतात: हे का लिहावं लागलं? एखादा न सांगितलेला नियम पाणिनीच्या मनात होता, म्हणूनच ना? असे नियम अठराव्या शतकात नागेशभट्टांनी परिभाषेंदुशेखरात नीट मांडले. नागेशभट्ट काशीत राहणारे, पण घराणं महाराष्ट्रातलं, आडनाव काळे. त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर फ्रान्झ कीलहॉर्न यांनी केलं, ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत असताना. ‘अपवाद लिहावा का लागला?’ हा प्रश्न ज्या भाषकांच्या विद्येत इतका मुरलेला, त्यांनी इंग्रजीतली मोडकी आवृत्ती उसनी घ्यावी, हे मला पटत नाही.

रोजच्या व्यवहारातही हाच तर्क आपण न चुकता वापरतो. सलूनच्या दारावर ‘सोमवारी बंद’ अशी पाटी असते. मंगळवारी ते उघडं असेल का, असं कुणी विचारत नाही. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, एवढं सांगितलं की चाळीस वर्षांचा माणूस मुकाट पाकीट काढतो. हेन्री फाउलर यांनी १९२६च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात असंच उदाहरण दिलं आहे: आज रात्री सैनिकांना ११ वाजेपर्यंत बाहेर राहण्याची खास परवानगी. ‘खास’ या शब्दातच एरवी त्याआधी बराकीत परतावं लागतं, हा नियम आला.

या तर्काकडे दुर्लक्ष झालं की काय होतं ते गृहनिर्माण सोसायटीच्या सूचनाफलकावर बघावं. समितीला लिफ्टमधून फर्निचर नेणं एकंदरीत थांबवायचं असतं. तक्रार मात्र दुपारच्या झोपेची आलेली असते, म्हणून फलकावर लागतं: ‘दुपारी २ ते ४ या वेळेत लिफ्टमधून सामान नेऊ नये.’ साडेचारला कपाट घेऊन आलेल्या सभासदाला आता अडवणार कसं? समितीने स्वतःच्या हाताने उरलेले बावीस तास मोकळे करून दिले. सूचना लिहिताना एक वाक्य जोडलं असतं, ‘इतर वेळीही जड सामानासाठी समितीची पूर्वपरवानगी आवश्यक’, तर दार बंद राहिलं असतं. याच्या उलट चूकही होते, उघडी यादी पूर्ण समजण्याची. ‘कुत्रा, मांजर इत्यादी’ यातल्या ‘इत्यादी’ने यादी उघडी राहते. ‘उदाहरणार्थ’, ‘यांसह’, ‘वगैरे’ यांपैकी एक शब्द आला की यादीबाहेरच्यांविषयी काहीही अनुमान काढता येत नाही.

कायद्यात तर याच्यावर माणसांची आयुष्यं तोलली जातात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे आणि तिला दुसरा अपवाद असा की, पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर पतीने तिच्याशी केलेला संभोग बलात्कार नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ३७५ मध्येही हा अपवाद होता. तिथलं पंधरा वर्षांचं वय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अठरा असं वाचायला लावलं. आता सिसेरोचा प्रश्न विचारा. हा अपवाद लिहावा का लागला? कारण तो नसता, तर पत्नीच्या संमतीविना केलेलं ते कृत्य त्याच व्याख्येत बसलं असतं. अपवाद ठेवावा की काढावा यावर मतं असू शकतात. पण ‘लग्नात असं काही घडूच शकत नाही’ असं म्हणणाऱ्याला या कलमाची रचनाच उत्तर देते.

अर्थात या हत्याराला मर्यादा आहेत, आणि त्या लपवून चालणार नाही. मीमांसकांनी स्वतःच परिसंख्येला तीन दोष लावले: जे शब्दांत आहे ते सोडावं लागतं, जे नाही ते कल्पावं लागतं, आणि एरवी मिळत असलेली मोकळीक अडते. म्हणून दुसरा मार्ग असेल तर हा घेऊ नये, असं त्यांचं सांगणं. कधीकधी कायद्यात अपवाद केवळ जास्तीची खबरदारी म्हणून घातलेला असतो. त्यातून मोठा नियम उभारणं धोक्याचं. अमेरिकेत १७८८ साली अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी नव्या राज्यघटनेत नागरिकांच्या हक्कांची यादी करायलाच विरोध केला. सरकारला जे अधिकार दिलेलेच नाहीत त्यांना अपवाद लिहिलेत, तर ते अधिकार होते असा अर्थ निघेल, ही त्यांची भीती. यादी झालीच. पण १७९१च्या नवव्या घटनादुरुस्तीत सांगावं लागलं की काही हक्क लिहिले म्हणून लोकांकडचे बाकीचे हक्क नाकारले असं समजू नये. अनुमानाचं दार बंद करण्यासाठी तिथे एक अख्खी दुरुस्ती खर्ची पडली.

आपल्याकडचा दाखला याहून जवळचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(१) मध्ये सरकारी नोकरीत समान संधी आणि १६(४) मध्ये मागासवर्गांसाठी आरक्षण. १६(४) हा १६(१)ला अपवाद आहे का? १९६३च्या देवदासन खटल्यात बहुमताने तसं धरलं. अपवाद म्हटला की तो आकुंचित वाचायचा, त्याने नियमाला गिळता कामा नये, हे ओघानेच आलं. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी त्याच खटल्यात वेगळं मत दिलं. पुढे १९७५चा एन. एम. थॉमस निकाल आणि १९९२चा इंद्रा साहनी निकाल यांनी ठरवलं की १६(४) हा अपवाद नसून समान संधीचाच एक पैलू आहे. ‘अपवाद’ ही चिठ्ठी कशावर चिकटवायची, यावरच इथे तीस वर्षं झगडा झाला. म्हणून कुणी ‘अपवाद’ म्हटलं की तो खरोखर अपवादच आहे का, हे आधी विचारावं.

आता दुसरा प्रकार, जिथे सगळी गफलत होते: निसर्गातले आणि समाजातले अपवाद. इथे कुणी अधिकारी बसून अपवाद लिहीत नाही. ‘सगळे हंस पांढरे’ या विधानाला ऑस्ट्रेलियातला काळा हंस मोडतो, आणि मोडतोच. विरोधी पक्ष इथे एक बळकट मुद्दा काढेल: अपवादासारखी दिसणारी गोष्ट कसून तपासली तर कधीकधी नियमच भक्कम होतो. खरं आहे. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे फिरत नव्हता. फ्रेंच गणिती ल व्हेरिये यांनी हिशेब मांडला की पलीकडे आणखी एक ग्रह ओढत असला पाहिजे, आणि २३ सप्टेंबर १८४६ला बर्लिनमध्ये खगोलज्ञ गाल यांना नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. अपवाद विरघळला, नियम उजळला. पण गोष्ट इथे थांबत नाही. याच ल व्हेरिये यांना १८५९ साली बुधाच्या कक्षेतही फरक दिसला. त्यांनी तोच उपाय केला. सूर्याजवळ ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह असेल म्हणाले. तो कधीच सापडला नाही. शतकाला सुमारे ४३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग), एवढासा तो फरक १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या नव्या सिद्धांताने उलगडला. युरेनसने न्यूटनचा नियम तारला आणि बुधाने त्याला मर्यादा घातली. दोन्ही वेळा अपवाद बघून लगेच कुणी ‘नियम सिद्ध झाला’ म्हणालं नाही. आधी शोध घेतला. म्हणून ‘पारखणे’वाल्यांनी विज्ञानाची रीत बरोबर सांगितली, फक्त ती या वाक्याच्या माथी मारायला नको होती.

उरतो सगळ्यात चिवट मुद्दा. ‘अहो, एखादी गोष्ट आपल्याला अपवाद म्हणून डोळ्यांत भरते, याचाच अर्थ एरवी तसं नसतं.’ यातही काही अंश खरा. नवल वाटतं तेव्हा आपली अपेक्षा वेगळी होती, हे नक्की. पण त्यातून आपली अपेक्षा सिद्ध होते. जग तसं आहे हे सिद्ध होत नाही. आणि कित्येकदा अशा उदाहरणाने नियम खरोखरच सिद्ध होतो, फक्त बोलणाऱ्याच्या मनातला नव्हे. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना ऑक्सफर्डने १८९२ साली खास ठराव करून कायद्याच्या पदवी परीक्षेला बसू दिलं. त्या काळी कुणी म्हणालं असेल, ‘बायकांना कायदा झेपत नाही, या बाई म्हणजे अपवाद, आणि अपवादाने नियम सिद्ध होतो.’ होतो ना! ठराव करावा लागला, यावरून सिद्ध होतं ते एवढंच की बाकीच्या स्त्रियांना परीक्षेला बसायची मनाई होती. पदवी त्यांच्या हाती पडली तीस वर्षांनी, आणि भारतात स्त्रियांना वकिलीची वाट मोकळी करणारा कायदा झाला १९२३ साली. मनाईचा नियम चोख सिद्ध झाला. कुवतीविषयी त्या ठरावातून एक अक्षर कळत नाही. माणसांनी घातलेल्या बंदीला निसर्गाचा नियम समजायचं काम हे मोडकं वाक्य किती सफाईने करून देतं, ते इथे दिसतं.

शेवटचा आक्षेप भाषेच्या बाजूने. शब्दांचे अर्थ बदलतात, बहुतेक लोक जो वापर करतात तोच बरोबर, मग ही ओढाताण कशाला? तत्त्व मान्य. संस्कृतात ‘राग’ म्हणजे प्रेम, मराठीत क्रोध. ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण, आपल्याकडे ती दंड झाली. धर्मशास्त्रात ‘साहस’ हा गुन्हा होता, आज तो गुण. याबद्दल कुणी तक्रार करू नये. पण ‘राग’ शब्दाचा अर्थ बदलला म्हणून कुणाच्या विचारात चूक शिरली नाही. इथे तसं नाही. ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ या वाक्यात एकही शब्द अर्थ बदलत नाही. बदलतं ते अनुमान, आणि तेही ‘विरोधी पुरावा म्हणजेच पुरावा’ असं. वापर कितीही रूढ झाला तरी चुकीचं अनुमान बरोबर होत नाही. सगळ्या गावाने दोन आणि दोन पाच म्हटलं तरी दुकानदार चारच रुपये मोजून घेतो.

मराठीत तीन वेगळ्या गोष्टींसाठी तीन वेगळी वाक्यं सहज आहेत. एखादी गोष्ट क्वचित घडते म्हणायचं असेल तर ‘असं विरळाच घडतं’ म्हणावं. उदाहरणामुळे आपलं मत पुन्हा तपासावं लागणार असेल तर ‘इथे नियमाची कसोटी लागते’ म्हणावं. आणि कुणी अधिकाराने लिहून ठेवलेला अपवाद असेल, तेव्हा मात्र पूर्ण म्हणावं: ‘एवढ्यापुरता अपवाद केला, म्हणजे बाकी सगळीकडे नियम लागू.’ नेमकं कोणतं वापरायचं ते ठरवायला एक प्रश्न पुरतो: हा अपवाद केला कुणी?

मराठी माध्यमातल्या त्या शास्त्रज्ञांचा अपवाद कुणी केला? कोणत्या ठरावाने? कुणीच नाही. म्हणजे ती नावं विधानाच्या विरुद्ध बाजूलाच मोजायची. आणि विधान करणाऱ्याला पुढचे प्रश्न विचारायचे: किती मुलांपैकी किती पुढे गेली, त्याच गावातल्या, त्याच ऐपतीच्या घरांतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांशी तुलना केली का, आणि अकरावी-बारावीत भौतिकशास्त्र मराठीतून शिकायची सोय त्यांच्या तालुक्यात होती का.